आबांच्या गाडीचं सलाईन

माझे वडील आणि माझी आत्या सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्याला कारण एक बॅटरी होती.

लोकांकडे शेताच्या बांधावरून वैर होतं, आईच्या पाटल्यांवरून होतं, गेलाबाजार लग्नात टोपी आधी कोणाला घातली यावरून तरी होतं. आमच्याकडे मोटारीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून झालं! आणि त्या घरात मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. म्हणजे बघा.

आमचे आबा पारोळ्याकडचे कापूसवाले शेतकरी. शेती धाकट्या काकांवर सोपवून ते जळगावला माझ्याकडे राहायला आले, ते मोटार घेऊनच. कुठल्याशा साखर कारखान्याच्या चेअरमनने नवी गाडी घेतली, तेव्हा आबांनी त्याची जुनी उचलली होती. दुधी रंगाची, फुगीर पाठीची, मंत्र्यांच्या ताफ्यात असायची तसली. मागच्या काचेला पडदेसुद्धा! ही गाडी रोज पुसली जायची आणि वर्षातून चार वेळा चालवली जायची. एकदा पद्मालयाच्या गणपतीला, दोनदा लग्नाला, आणि कोणी वारलंच तर एकदा तिकडे. बाकीचे दिवस ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहून आमची प्रतिष्ठा सांभाळायची. कॉलनीत आमचा पत्ता 'गाडीवाल्यांचं घर' असा होता. गाडी चालते का, हे पत्त्यात सांगावं लागत नाही, हे आमचं नशीब.

उभ्या उभ्या बॅटरी उतरते, हे आबांना कधी पटलं नाही. एरवी ते जळगावकरांसारखं बोलायचे, पण चिडले की थेट गावच्या अहिराणीवर जायचे.

"काम नही, धाम नही, आन थकस कशी?" ते बॅटरीकडे बघून विचारायचे. विचारताना नजर मधूनच माझ्याकडे वळायची. (मे महिन्याच्या सुट्टीत हा प्रश्न नक्की कोणाला आहे ते कळायचं नाही.)

दोनदा नवी बॅटरी आणली. दोन्ही शेडमध्येच वारल्या. त्यामुळे आबांनी धोतर नेसून टोपी डोक्यावर ठेवली, की शेजारचे चौधरी कुणी न सांगता बाह्या सारून बाहेर यायचे. त्यांच्यामागे आणखी चार जण. गाडी ढकलणं हा आमच्या गल्लीचा सामुदायिक व्यायाम होता. आबा आत ताठ बसायचे, मी स्टेअरिंगवर, आणि गाडी कोपऱ्यापर्यंत लोकांच्या खांद्यावरून निघाल्यासारखी निघायची.

हे सगळं जळगावात चाललं. घोटाळा धुळ्याला झाला.

आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. आबांची मोठी बहीण अक्का, धुळ्याला दिलेली. दर आखाजीला आबा स्वतः तिला आणायला जायचे. त्या वर्षी पहिल्यांदाच मोटारीतून गेले. अक्काच्या सासरची सगळी गल्ली बघायला जमली. जेवणं झाली, निरोप झाले, अक्का नवं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसली, आणि मी किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. तेवढंही नाही.

दुपारची वेळ, पुरुषमाणसं पुरणपोळी खाऊन आडवी झालेली. शेवटी अक्काला खाली उतरावं लागलं. तिने पदर खोचला आणि तिच्या तिन्ही जावांनी मिळून आमची गाडी ढकलली. आबा आत ताठच! गाडी सुरू झाली तेव्हा अक्का धापा टाकत खिडकीशी आली आणि भरगल्लीत म्हणाली, "भाऊ, पुढली आखाजीले बैलगाडी लई ये. बैलसले धक्का मारना पडस नही!"

तिन्ही जावा हसल्या. गल्ली हसली. मीही थोडा हसलो. ती माझी चूक झाली.

आबांनी अक्काला माहेरी आणलं, चार दिवसांनी परत पोहोचवलं (एसटीने), आणि मग तिच्या उंबऱ्यावर उभं राहून म्हणाले, "आता किल्ली फिरवल्याबरोबर चालू होईल तेव्हाच ही गाडी घेऊन तुझ्या दारी येईन. तोपर्यंत येणार नाही."

"नको येऊ," अक्का म्हणाली. "तू स्वतः आणायला येत नाहीस तोपर्यंत मीही माहेरी पाय ठेवणार नाही."

दोघं एकाच आईची. पाच आखाज्या गेल्या. दर वर्षी आबा खापरावरची पुरणपोळी अर्धी ताटात टाकून उठायचे आणि म्हणायचे, "रस आंबट आहे." रस कधीच आंबट नसायचा.

सहावी आखाजी पाच महिन्यांवर आली तेव्हा माझी बायको मंगला मला म्हणाली, "तुम्ही फिजिक्स शिकवता ना हो? मग एवढी एक बॅटरी जिवंत ठेवता येत नाही?"

हा प्रश्न तिने स्वयंपाकघरात विचारला असता तर मी ऐकला नसता. तिने आबांसमोर विचारला.

"येते की," मी म्हणालो. "तिला सतत थोडा थोडा करंट देत राहायचा. जेवढी उतरते तेवढी भरत राहायची. ट्रिकल चार्जिंग म्हणतात त्याला."

"मग इतकी वर्षं का नाही केलं?" आबांनी विचारलं.

याचं उत्तर पदार्थविज्ञानात नव्हतं.

तसलं यंत्र जळगावात विकत मिळेना. गॅरेजवाल्यांकडे मोठे चार्जर होते, पण ते बॅटरीला एका दिवसात भरून मोकळे करणारे. आम्हाला महिनोन् महिने हळूहळू पाजणारं हवं होतं. तेव्हा मंगलाने तिच्या भावाचं नाव काढलं. वसंतराव राहायला दीपनगरला. जिथे वीज तयार होते त्या गावचा माणूस म्हणजे विजेतला जाणकारच, असं आमच्या घरात सगळे धरून चालायचे. वसंतरावांचं काम हजेरीपटावर खुणा करायचं होतं. पण त्यांनी हा गैरसमज कधी दूर केला नाही, आणि कोणी तांत्रिक प्रश्न विचारला की ते डोळे बारीक करून "लोड बघावा लागेल" एवढंच म्हणायचे. या तीन शब्दांवर त्यांनी बहिणीच्या सासरी सोळा वर्षं काढली.

वसंतराव एका रविवारी पिशवी घेऊन आले आणि दुपारपर्यंत त्यांनी एक लाकडी खोकं तयार केलं. आत जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर आणि एक डायोड, वर एक छोटा बल्ब, दोन लांब वायरी आणि वायरींना चिमटे. खोकं शेडमध्ये स्टुलावर ठेवलं. त्याची वीज स्वयंपाकघराच्या खिडकीतून, ओट्यावरच्या जोडबोर्डातून घेतली. चिमटे बॉनेटखाली बॅटरीला लावले.

"बल्ब ठळक पेटला की समजा ती पिते आहे," वसंतराव म्हणाले. "मंद झाला की पोट भरलं."

बल्ब पेटला. आबा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सलाईनच आहे की हे."

झालं! त्या दिवसापासून त्या खोक्याचं नाव सलाईन पडलं. आबांनी आरामखुर्ची शेडमध्ये हलवली. ते तिथेच पेपर वाचायचे, तिथेच चहा प्यायचे. मी शाळेतून आलो की मला रिपोर्ट मिळायचा. "सकाळी चांगली प्यायली. दुपारी जरा कमी." मी रोज बॅटरीची बुचं काढून पाणी बघायचो, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचो. या सेवेत माझ्या पँटींवर ॲसिडचे थेंब कधी उडाले ते मला दिसलं नाही, धुतल्यावर मंगलाला दिसलं. एकेका पँटला वीस-वीस भोकं! दहावी 'ब'मध्ये मी फळ्याकडे तोंड केलं की मागे खसखस पिकायची. मला वाटायचं, पोरांना विषयात रस वाटतोय.

"सर," शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "पगार वेळेवर होतो ना तुमचा?"

त्यात चौधरीकाकूंनी भर घातली. त्या साखर मागायला आल्या होत्या. मंगलाने आतून मला हाक मारून विचारलं, "अहो, आबांचं सलाईन चालू आहे ना? मिक्सर लावू का?" (एकाच बोर्डावर दोन्ही होतं.) काकूंनी मिक्सर ऐकलाच नाही. त्या साखर न घेता परत गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं की आबांना घरीच सलाईन लावलंय.

दुसऱ्या दिवशी लोक मोसंबी घेऊन यायला लागले. आबा शेडमध्ये भरीत-भाकरी खात बसलेले.

"बरं वाटतंय का आता?" चौधरींनी हळू आवाजात विचारलं.

"आता चांगली आहे," आबा खुशीत म्हणाले. "आधी पार संपली होती. रात्रंदिवस देतोय तेव्हा धुगधुगी आली."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर कशाला? अरुण बघतो ना सगळं!"

चौधरींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते.

खुलासा करायला मी प्रत्येक घरी गेलो, पण खुलाशाला अफवेइतके पाय नसतात. चौधरीकाकूंची भाची धुळ्याला. आठ दिवसांत अक्काच्या मुलाचं पोस्टकार्ड आलं : 'मामांच्या तब्येतीचं कळलं. आई जेवत नाही. पण हट्टापायी निघतही नाही. खरं काय ते कळवा.'

मी लगेच उत्तर लिहायला बसलो. आबांनी कार्ड हातातून काढून घेतलं. ते त्यांनी दोनदा वाचलं. 'आई जेवत नाही' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं होतं.

"काही लिहू नको," ते म्हणाले. "आखाजी पंधरा दिवसांवर आली. मी स्वतःच जाऊन उभा राहतो तिच्यासमोर. गाडीतून!"

त्याच वेळी पोस्टकार्ड टाकलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. पण आमच्या घरात सोपा मार्ग दिसला की आधी तो बंद करतात.

मी म्हटलं, निदान एकदा गाडी सुरू करून बघू. आबा अंगावर आले. "चार महिने थेंब थेंब पाजलंय तिला! ती ताकद काय उगीच वाया घालवायची? एकदाच किल्ली फिरवायची, त्या दिवशी!" चार महिन्यांत त्या गाडीचं इंजिन एकदाही सुरू झालं नाही, की तिच्याकडे बॅटरी सोडून आणखी काही अवयव असतात याची कोणाला आठवण झाली नाही. पेट्रोलचा काटा तर कायमचा अर्ध्यावर अडकलेला होता. टाकी भरलेली असो की रिकामी, तो आपला समाधानी.

तो दिवस उजाडला. सकाळी सातलाच ऊन चटका द्यायला लागलं होतं. आबा कडक धोतर, कोट, टोपी घालून पुढच्या सीटवर बसले. चौधरी सवयीने बाह्या सारून आले. मी देवाचं नाव घेतलं (पदार्थविज्ञान बाजूला ठेवून) आणि किल्ली फिरवली.

घुर्र... आणि गाडी सुरू झाली!

एका किल्लीत! कॉलनीने टाळ्या वाजवल्या. चौधरींचा चेहरा मात्र पडला, बिचाऱ्यांचं कामच गेलं. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.  "चाल! थांबू नको! चाल!"

त्या हाताने माझं भान हरपलं. मंगला अजून स्वयंपाकघरात आहे, अक्कासाठी मिक्सरमध्ये आंब्याचा रस काढतेय, हे विसरलो. आणि बॉनेटखालचे चिमटे विसरलो. गाडी झोकात पुढे गेली, वायर ताणली, स्टुलावरचं सलाईन उडून खाली आलं, आणि त्याच्यामागून ओट्यावरचा जोडबोर्ड खिडकीतून बाहेर निघाला. मिक्सरची वायर त्या बोर्डात घट्ट. मिक्सर ओट्यावरून घसरत खिडकीपर्यंत आला, पण गजांमधून बाहेर येईना. झाकण उडालं. बाहेर आला तो फक्त रस.

मागोमाग मंगला आली. केसांपासून हनुवटीपर्यंत पिवळी.

"अहो!" एवढंच ती म्हणाली. बाकीचं तिच्या डोळ्यांत होतं.

मी घाबरून गाडी मागे घेतली, आणि कर्रकन आवाज झाला. चाकाखाली वसंतरावांचं खोकं होतं. चार महिने जपलेलं सलाईन भुगा होऊन पडलं.

"आता गाडी बंद करायची नाही," आबा करड्या आवाजात म्हणाले. "बंद पडली तर परत पाजायला काही उरलं नाही."

मंगला अंघोळ करून, दुसरी साडी नेसून येईपर्यंत अर्धा तास गाडी फाटकात तशीच घुरघुरत उभी होती. तो आवाज ऐकून मला फार अभिमान वाटत होता. तो आवाज पेट्रोल संपण्याचा असतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

एरंडोलजवळ मात्र सुचलं. रस्त्यालगत पंप दिसला, मी गाडी आत घेतली.

"साहेब, इंजिन बंद करा," पंपावरचा माणूस म्हणाला.

"बंद करायचं नाही," आबा म्हणाले.

"मग पेट्रोल मिळणार नाही. पेट घेईल काका!"

मी आबांना समजावलं. "आबा, बॅटरी एकदम भरलेली आहे. शिवाय चालत्या गाडीत ती आणखी भरते. बंद केली तरी लगेच सुरू होईल."

आबांनी सावकाश मान वळवली. "खात्री आहे?"

एका शब्दाचं उत्तर होतं. दरवर्षी चारेकशे पोरांना मी हाच धडा शिकवत होतो, परीक्षेत विचारत होतो, चुकलं तर गुण कापत होतो. पण किल्लीकडे हात गेला आणि मला धुळ्याची ती दुपार आठवली. ते 'टक्' कानात वाजलं.

"तशी..." मी म्हणालो, "तत्त्वतः आहे."

"तत्त्वतः चालू होणारी गाडी माले नको!" आबा कडाडले. "काटा अर्धा दिसतो आहे ना? चाल!"

आणि मी निघालो! पंपावरचा माणूस आमच्याकडे बघत राहिला. मागून मंगला म्हणाली, "भरून घेतलं असतं तर बरं झालं असतं." तिला पदार्थविज्ञान येत नसल्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

पारोळा गेलं. ऊन असं की डांबर चाकांना चिकटत होतं. आबांनी उपरणं पाण्यात भिजवून टोपीवरून घेतलं. मग तोंडावरून घेतलं. धुळ्याची घरं दिसायला लागली तसे ते सावरून बसले, पण उपरणं काही काढलं नाही. "दारात गेल्यावर काढीन," ते आतून म्हणाले.

देवपुरात शिरलो. अक्काची गल्ली दोनशे पावलांवर. गाडीने एक आचका दिला. मग दुसरा. मग ती एखाद्या म्हाताऱ्यासारखी खोकली आणि थांबली.

मी किल्ली फिरवली. घुर्र घुर्र घुर्र! स्टार्टर काय जोमात फिरत होता! पण इंजिन धरेना.

"बॅटरी गेली ना?" उपरण्याखालून आवाज आला.

"नाही आबा! ऐका तर, काय फिरतेय!" घुर्र घुर्र! "चार महिन्यांच्या सेवेचं फळ आहे हे! पेट्रोल संपलंय फक्त."

"मग तुझी बॅटरी गाडी ओढत का नाही?"

याही प्रश्नाचं उत्तर मी देत बसलो होतो, तेवढ्यात खिडकीशी माणसं जमली. धुळ्याची माणसं मदतीला फार तत्पर. काय झालं न विचारता आठ-दहा जण मागे लागले. मी खाली उतरलो, एका हाताने स्टेअरिंग धरलं आणि खांदा दिला. आबांना म्हटलं, तुम्ही उतरा, दोनशे पावलं तर आहेत.

"मी गाडीतून जाईन असं बोललोय," आबा म्हणाले. "चालू गाडीतून म्हणालो होतो, पण तेवढं अक्काला ऐकू आलं नसेल." आणि पाय ताणून, मान मागे टेकून, तोंडावर पांढरं उपरणं घेऊन पडून राहिले.

आता अक्काच्या बाजूने बघा. भाऊ सलाईनवर आहे, एवढंच तिला ठाऊक. पंधरा दिवसांत कार्डाला उत्तर नाही. आखाजीचा दिवस, भर दुपार. दारात बसून ती रस्त्याकडे बघते आहे. आणि गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी मोटार दिसते. इंजिनाचा आवाज नाही. दोन्ही बाजूंनी, मागून माणसं चाललीत. सगळ्यांच्या माना खाली. पुढे भाचा, खांदा दिलेला, घामाने की कशाने डोळे भरलेले. मागच्या सीटवर सून पदर तोंडाला लावून. आणि पुढच्या सीटवर, आडवा, पांढऱ्या फडक्याखाली...

"मना भाऊ गया वं माय!"

ती किंकाळी मी जन्मात विसरणार नाही. अक्का उंबऱ्यावरून धावली. तिच्या तिन्ही जावा धावल्या. दारादारांतून बायका निघाल्या. ढकलणाऱ्यांनाही वाटलं की आपण जे ढकलतोय ते काही वेगळंच आहे. त्यांनी गाडी सोडून टोप्या काढल्या! एका भल्या माणसाने तर माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "कधी झालं?"

मी सवयीने म्हणालो, "आत्ताच. त्या चौकात संपलं."

मग तर कल्लोळच झाला. अक्काने खिडकीतून हात घालून आबांच्या छातीवर डोकं टेकलं. "सहा वरीस बोलनी नही रे मी तुनासंगे! कशी वैरीन व्हयनू रे मी!"

छातीवर एवढं वजन पडल्यावर उपरणं हललं. आबा उठून बसले. डोळ्यांतून धारा लागलेल्या. ते बहुधा मघापासून आत रडतच होते.

"अक्का," ते म्हणाले, "मी जित्ता शे."



अक्का मागे सरली. तिने आबांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, टोप्या हातात घेतलेल्या दहा माणसांकडे पाहिलं. डोळे पुसले. आणि मग उजव्या हाताने आबांच्या गालावर अशी एक ठेवून दिली की टोपी मागच्या सीटवर मंगलाच्या मांडीत जाऊन पडली.

"मंग तोंडवर फडकं काबर टाकं रे?"

"ऊन शे ना," आबा गाल चोळत म्हणाले.

"आन गाडी? परत धक्का?"

"बॅटरी एकदम फर्स्टक्लास आहे अक्का!" मी मध्येच म्हणालो. मला कोणी विचारलं नव्हतं.

अक्काने माझ्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही. ती आबांचा हात धरून म्हणाली, "गाडीनं काय लई बठना रे तू? पायी उना असता तरी मी उनी असती. येडा!"

पायी गेलो असतो तरी ती आली असती, हे ऐकून आबांनी मान खाली घातली. सत्तरीचा माणूस, पण त्या वेळी त्यांचा चेहरा शाळेतून उशिरा आलेल्या पोरासारखा झाला होता. "आणायला आलोय," ते म्हणाले. "येतेस?"

"येस ना. पन यष्टीमा."

जेवणं झाली. त्या दिवशी आबांनी पुरणपोळ्या पाच खाल्ल्या आणि रसाला गोड म्हणाले. (रस जरा आंबट होता.) उन्हं कलली तसे दोघं हातात हात घालून एसटी स्टँडकडे निघाले. अक्काने रस्त्यात त्यांना सहा वर्षांचं सगळं बोलून घेतलं असावं, कारण लांबपर्यंत तिचा एकटीचाच आवाज ऐकू येत होता.

मागे राहिलो मी, मंगला आणि गाडी. मी डबा घेऊन दोन मैल चाललो, पेट्रोल आणलं, टाकीत ओतलं. गल्ली सामसूम. मंगला मागच्या सीटवर बसली. मी किल्ली फिरवली.

एका किल्लीत! पहिल्या झटक्यात! बघायला एक म्हैस होती, तिने मान फिरवली. पण मला काय आनंद झाला! मी मागे न बघताच ओरडलो, "मंगला, बघितलंस? आता बोल!" आणि गाडी सोडली ती सोडलीच. सकाळपासून सगळ्यांनी माझा जो अपमान केला होता, तो मला धुवून काढायचा होता. रस्त्यावरची नजर न हलवता मी तिला पहिल्यापासून समजावायला घेतलं. बॅटरी का उतरते, थेंब थेंब करंटचं महत्त्व काय, पंपावर मी बरोबरच होतो पण आबांनी कसं ऐकलं नाही, तिच्या भावाच्या खोक्यात मुळात कोणते दोष होते, आणि बायकांनी निदान बॅटरीपुरतं तरी नवऱ्याचं ऐकावं. मध्ये एक शब्द नाही, एक 'पण' नाही, एक जांभई नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, इतकं मन लावून तिने माझं कधीच ऐकलं नव्हतं.

पारोळा आलं तेव्हा मला संशय आला आणि मी मागे वळून पाहिलं. सीट रिकामी!

किल्ली फिरवायच्या आधीच ती "थांबा, पिशवी राहिली" म्हणून अक्काच्या घरात परत गेली होती.